सेलुवायाबाईंचा सशर्त प्रवेश

ज्ञानाचं दार सर्वांसाठी उघडं असतं. आपण आत शिरण्यालायक आहोत, एवढं फक्त बाहेर उभं राहून सिद्ध करायचं असतं. या उदात्त तत्त्वानुसार ब्रिस्बेनच्या एका विद्यापीठाने टोंगाच्या सेलुवायाबाईंना आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला सशर्त प्रवेश दिला. अट एकच : इंग्रजी येतं हे सिद्ध करा.

बाई टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या रेडिओवर टोंगन आणि इंग्रजी बातम्या वाचत. मागच्या चक्रीवादळात त्यांचा इशारा ऐकून लांबच्या बेटांवरची माणसं उंचावर गेली होती. जी गेली नाहीत, त्यांच्यासाठीच बाईंना शिकायचं होतं. (विद्यापीठाच्या लेखी ही ‘प्रेरणा’, पुरावा नव्हे.)

त्यांनी प्रवेश विभागातल्या लॅकलनला फोन केला. अर्धा तास बोलणं झालं, अर्थात इंग्रजीत.

“मॅडम, तुमचं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे.”

“मग तसं लिहून दे ना.”

“मी कसं देणार? माझी कुठे परीक्षा झालीये?”

परीक्षेचं केंद्र टोंगात नव्हतं, म्हणून बाई विमानाने फिजीला जाऊन परीक्षा देऊन आल्या. तोंडी परीक्षेत अर्ध्या गुणाने नापास. शेरा : बोलणं स्पष्ट, निर्दोष, सबब पाठ केलेलं वाटतं.

घरात शब्द चाले तो आत्याचा. अळूच्या पानांत मासा गुंडाळता गुंडाळता ती कडाडली, “मग चुकायला शीक की! लोक न शिकता चुकतात, तुला एवढं शिकून जमेना?”

बाई शिकल्या. वाक्य मध्येच सोडायचं, जागोजाग ‘यू नो’ पेरायचं, पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीलाही ‘बहुतेक’ लावायचं. दुसऱ्या खेपेला घसघशीत गुण पडले. शेरा : ओघवतं, नैसर्गिक. अट उठली.

निघायच्या आठवड्यातच पुन्हा वादळ आलं. बाई माइकसमोर बसल्या. “चक्रीवादळ, यू नो, बहुतेक आज... म्हणजे, आय थिंक...” त्यांनी जीभ चावली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा ‘बहुतेक’. शेवटी इंग्रजी कागद बाजूला भिरकावून त्या टोंगनमध्ये ओरडल्या, “अरे, काय असेल ते टाका आणि वर पळा!”

माणसं पळाली, वाचली.

वादळ ओसरल्यावर रेडिओवर श्रोत्यांचे फोन आले. जीव वाचल्याचं समाधान सर्वांना होतंच. हळहळ एवढीच, की बाईंचं इंग्रजी आत्ता कुठे गोऱ्यांसारखं वाटू लागलं होतं, तर मध्येच आपल्या भाषेत कशाला शिरल्या?

हसू नका. आपलं पोर असंच अडखळत, ‘यू नो’ म्हणत बोलतं, तेव्हा पाहुण्यांना बोलावून ऐकवतं कोण?