एका कागदाचा प्रवास, मधल्या टेबलांसह

कार्यालयाचा कारभार किती वेगवान आहे, हे नागरिकांना अ‍ॅनिमेशनपटाद्वारे पटवून द्यावे, असा आदेश वरून आला. वरून आलेला आदेश घरंगळत घरंगळत जिथे कोणी नाही म्हणू शकत नाही तिथे येऊन थांबतो. तसा तो आवक-जावकच्या बाईंच्या टेबलावर थांबला. उभ्या नोकरीत बाईंनी शिक्क्याखेरीज काही हलवलं नव्हतं, म्हणून त्यांना रीतसर प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. फिल्म मंजूर झाली तर नव्या दृक्‌श्राव्य कक्षात नेमणूक, खिडकीसकट. नाही झाली तर जिन्याखालचं तेच टेबल आणि तीच लुकलुकणारी ट्यूब. बाईंना ती खिडकी मनापासून हवी होती.

"पडद्याच्या तळाशी ही जी लांब पट्टी आहे, ती टाइमलाइन," प्रशिक्षक म्हणाले. "पट्टीच्या सुरुवातीला वस्तू कुठे आहे ते सांगायचं, शेवटी कुठे हवी ते सांगायचं. या दोन खुणांना कीफ्रेम म्हणतात. मधली सगळी चित्रं सॉफ्टवेअर आपोआप भरतं."

"आपोआप? मध्ये कोणाची सही नाही?"

"कोणाचीच नाही, मॅडम."

बाई हरखूनच गेल्या. त्यांनी एक पांढरा कागद काढला, पहिल्या खुणेवर तो अर्ज घेण्याच्या खिडकीपाशी ठेवला, शेवटच्या खुणेवर साहेबांच्या टेबलावर. बटण दाबताच कागद सुळकन जाऊन पोचला. घरी लॅपटॉप उघडून त्यांनी ही करामत सासूबाईंना दाखवली. सासूबाईंनी चष्मा पुसून ती नीट पाहिली आणि विचारलं, "एवढंच काम आहे होय? मग दिवसभर करता काय गं तुम्ही सगळे?"

बाईंनी हे हसण्यावारी नेलं. कार्यालयात मात्र कोणी हसलं नाही.

"अहो बाई, कागद थेट गेला!" हेडक्लार्कचा आवाज चिरकला. "सुरुवात नागरिकाची, शेवट साहेबांचा. मधलं काय ते आपण! आणि हे यंत्र म्हणतंय, मधलं आपोआप! ही फिल्म बाहेर गेली तर आपण सगळे घरी."

तातडीने सभा झाली. 'आपोआप' ही सुविधा शिस्तभंग ठरवून बंद करण्यात आली. कागद माझ्या टेबलावर थांबलाच पाहिजे, असा प्रत्येकाने हट्ट धरला. एका टेबलाला थांबा दिला की शेजारच्याचा अपमान होई, आणि शेजारच्याला दिला की पहिल्याला जास्त वेळ हवा असे. बाई मुकाट्याने खुणा वाढवत गेल्या, कारण खिडकी हवी होती. वस्तू एकदम निघत नाही, आधी थोडी रेंगाळते, अशीही एक सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे त्यांनी दाखवलं तेव्हा हेडक्लार्क पहिल्यांदा खुलले. "हे ज्याने बनवलं त्याने नक्की कुठेतरी नोकरी केलेली आहे," ते म्हणाले. चौथ्या टेबलावरचे गृहस्थ रजेवर होते. त्यांच्या गैरहजेरीत कागद पुढे दाखवणं नियमात बसेना, म्हणून तो त्यांच्या ड्रॉवरमध्येच ठेवण्यात आला.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह नागरिकांनी खच्चून भरलं. कागद खिडकीतून निघाला, रेंगाळला, तीन टेबलं फिरला आणि ड्रॉवरमध्ये जाऊन बसला. पडद्यावरचं चित्र जागचं हलेना.

"बंद पडलं का हो?" साहेबांना घाम फुटला.

"नाही साहेब," बाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "कार्यवाही चालू आहे."

आता गेली खिडकी, असं त्यांच्या मनात आलं. लोक आरडाओरडा करणार, खुर्च्या मोडणार. पण कोणी हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने पुढच्या रांगेतले एक सद्गृहस्थ उठले, बाई लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या त्या टेबलापाशी आले आणि वाकून हळूच म्हणाले, "ताई, जरा पुढे सरकवता येईल का? मी ओळखीतलाच आहे."

त्यांच्यामागे आणखी एक काकू आल्या, त्यांच्यामागे दोघं. टाइमलाइनवरचा लाल काटा बाईंच्या बोटाखाली होता, तो ओढला असता तर कागद तत्काळ साहेबांपुढे पोचला असता. बाईंनी बोट उचललं. "उद्या या," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याही नकळत आवाजाला वजन आलं.

साहेबांनी तिथल्या तिथे फिल्म मंजूर केली. इतकं हुबेहूब चित्रण आजवर झालं नाही, असा शेरा मारला. बाईंना खिडकी मिळाली. त्या खिडकीबाहेर आता रोज रांग लागते. तो कागद कोणाचा, हे रांगेत कोणी विचारत नाही. कागद कोरा आहे, चित्रातला आहे. तरी लोक येतात, नंबर लावतात, सावली धरून उभे राहतात.

हसू नका. काल एकजण रांगेत मध्येच घुसला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडलात ते तुम्हीच.