परकारचाचांचं नॉर्मल

आमच्या इमारतीत कुणाचा रक्ताचा रिपोर्ट आला की तो डॉक्टरच्या आधी परकारचाचांच्या दारात जातो. चाचा चष्मा पुसतात, कागद उजेडात धरतात आणि आकड्यांच्या रांगेवर चक्क तळहात ठेवून ती झाकून टाकतात. "आकडे तुमच्यासाठी नाहीत, ताई," ते मला पहिल्यांदा म्हणाले होते. "तुम्ही फक्त शब्द घेऊन जा." शब्द एकच. नॉर्मल.

चाचा कुवेतला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं होते. पनवेलला कायमचे परतून चार वर्षं झाली, तरी लॅब काही अंगातून गेली नाही. लिफ्टमध्ये भेटले आणि सहज 'कसे आहात' विचारलं, तर उत्तर न देता तुमचीच खालची पापणी ओढून बघतात आणि हिमोग्लोबिन किती असेल ते सांगतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी आमच्या सेक्रेटरींना, भर माईकसमोर, जीभ दाखवायला लावली होती. पाणीपट्टीचा विषय त्या दिवशी तसाच राहिला.

त्यांचा हा एक शब्द कळायला मला दोन वर्षं लागली. नुसतं "नॉर्मल" म्हणून कागद परत दिला, तर घरी जाऊन खुशाल श्रीखंड खावं. "नॉर्मलच म्हणायचं" आलं, की श्रीखंड शेजारी पाठवावं. "वयाच्या मानाने नॉर्मल" म्हणजे गोळ्या सुरू होणार. आणि "आमच्या कुवेतला हे नॉर्मल धरायचे" असं म्हणाले, की त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठायचा. माझ्या नवऱ्याच्या वेळी त्यांनी कुवेत काढलं. मी हसले, ते हसले नाहीत. त्या संध्याकाळी धावपळ झाली म्हणून नवरा आज सोफ्यावर बसून माझ्याशी भांडू शकतो. तेव्हापासून मी चाचांची टिंगल करते ती जरा बेताने.

एकदा मात्र वाद घातला होता. शब्द एक आणि अर्थ चार, ही लोकांची फसवणूक नाही का? चाचा भडकले. तीस वर्षांत एकाही रिपोर्टबद्दल आपण खोटं बोललो नाही, म्हणाले. फक्त समोरच्याला झेपेल अशा बेताने सांगतो. मग जरा शांत होऊन म्हणाले, "आकडा ऐकला की माणूस घाबरतो, ताई. घाबरलेला माणूस जेवत नाही. मी त्याचं एक जेवण वाचवतो, बस."

चाचांच्या पत्नी रुकय्याचाची जवळच्याच आपटा गावच्या. लग्न होऊन पनवेलला आल्या, आणि दोन वर्षांतून एकदा महिनाभर येणाऱ्या नवऱ्याची वाट बघत त्यांनी सासूचं म्हातारपण काढलं. डॉक्टरची पायरी कधी चढल्या नाहीत. या वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले, जेवण तुटलं, तरी ऐकेनात. शेवटी दोन अटींवर तयार झाल्या. रक्त चाचांनीच काढायचं, आणि निकालही चाचांनीच सांगायचा. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. आयुष्यभर परक्यांचं रक्त काढलेल्या या माणसाने बायकोच्या हाताला दोनदा सुई टोचली तेव्हा कुठे शीर सापडली. चाची हसल्या. चाचा हात धुवायला म्हणून गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून परतले तर चाचा जिन्याच्या वळणावर लिफाफा घेऊन उभे. लिफाफा अजून बंद होता.

"ताई, तुम्ही वाचा," म्हणाले.

चष्मा नाकावरच होता, म्हणजे दिसत नव्हतं असं नाही; मी काही विचारलं नाही. किडनीचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनीनच्या पुढचा आकडा जाड अक्षरात छापलेला होता; तो एकच्या आसपास हवा, असं शेजारीच लिहिलं होतं. मी तो झाकला नाही, मला ती कला येत नाही. वाचला, सात पॉइंट चार. चाचांनी मान हलवली. पाय बघितले तेव्हाच त्यांना कळलं असणार.

मग हळू आवाजात म्हणाले, की आज दहा दिवसांनी ती पोटभर जेवायला बसणार आहे, आजचा दिवस जाऊ दे. उद्या सकाळी डॉक्टरकडे नेतो, काहीतरी निमित्त काढून. आणि ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नॉर्मल." आवाज फार मोठा लागला. पुन्हा म्हणाले, तर शेवटी कापला. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर माझ्याकडे वळले. "यातला कुठला खरा वाटला?"

हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिसरा, असं मी खुणेनेच सांगितलं.

चाची पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. शेजारी जेवण झाकून ठेवलेलं. मी दारातच थांबले. चाचा आत गेले आणि त्यांनी तो तिसरा नॉर्मल म्हटला. मला तर तो अगदी खरा वाटला.

चाचींनी कागद मागितला नाही. नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, "दर जुम्म्याला कुवेतहून फोन यायचा. कसे हाय विचारलं की हे असंच बोलायचे. नॉर्मल. फोन ठेवला की मी मोरीत जाऊन रडायची."

चाचींनी सुजलेले पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतले आणि पलंगावर जागा केली.

"तवा तुमी तिकडे एकटे होता," त्या म्हणाल्या. "आता मी हाय ना बाजूला. बसा, आन नीट सांगा."