शिडी घसरत नाही

मिनेसोटातल्या हॅगन फॉल्सच्या शाळेत बारावीच्या गणितात एक शिडी होती. तेरा फूट लांब, भिंतीला टेकलेली आणि वर्षानुवर्षं घसरत असलेली. पायथा भिंतीपासून पाच फुटांवर आहे आणि सेकंदाला दोन फुटांनी दूर सरतो आहे. तर वरचं टोक किती वेगानं खाली येतं? आर्लिसबाई टॉर्विक फळ्यावर काटकोन त्रिकोण काढत आणि पोरांकडून तालात म्हणवून घेत :

पाय सरे दूर दूर, माथा येई खाली,
भिंत बघे उभी उभी, काय गत झाली.

उत्तर सेकंदाला पाच षष्ठांश फूट. पण ते अर्ध्या वर्गाला येत नसे. यंदा सगळे पास झाले नाहीत तर वर्गच बंद, असं वरून कळवलं होतं. बाईंचा सारा जीव त्या वर्गात.

तशात एका पालकाची तक्रार आली. शिडी दरवर्षी घसरते हे माहीत असून शाळेनं काय केलं?

तक्रार रास्त होती. सुरक्षा समिती बसली. विभागप्रमुख लेलंड हॉगे अध्यक्ष.

"आर्लिस, शिडीवर कोण आहे?"

"कोणी नाही हो. गणितातली शिडी ती."

"म्हणजे चढायच्या आधीच घसरते? हे तर जास्तच गंभीर."

"अहो, ती घसरलीच नाही तर मी शिकवू काय?"

"सुरक्षितता."

ठराव झाला : उदाहरणातील शिडीचा पायथा दोन प्रौढ व्यक्तींनी धरून ठेवावा. जाता जाता समितीनं पुस्तकातली बाकीची उदाहरणंही हातावेगळी केली. चौकातून काटकोनात निघणाऱ्या गाड्यांना लाल दिवा दिला. पतंग खाली उतरवून घेतला.

आता सगळ्याच उदाहरणांचं उत्तर शून्य येऊ लागलं. झाडून सगळी पोरं पास झाली. वर्ग वाचला. बाईंनी मान खाली घालून अभिनंदनाची लिंबाची वडी खाल्ली.

'शंभर टक्के' असा फलक जिममध्ये लावायचा ठरला आणि मान म्हणून हॉगेसाहेब स्वतः शिडीवर चढले. खाली लाकडी जमीन, सकाळीच पॉलिश केलेली, तळ्यावरच्या बर्फासारखी.

"बाई, शिडी सरकतेय," शिडीजवळ उभी असलेली टेगन म्हणाली. वर्गातली हुशार मुलगी ती.

"अगं, मग धर ना."

"धरलेलीच असते की. उत्तर शून्य."

बाई दाराशी होत्या, तिथून धावल्या. साहेब आधी सावकाश निघाले. शेवटी शेवटी मात्र फार घाईत आले.

चौकशी रीतसर झाली. अहवालात म्हटलं : विभागानं मान्य केलेल्या उत्तरानुसार टोकाचा वेग शून्य होता, सबब साहेब पडलेले नाहीत. साहेबांनी उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे डाव्या हातानं सही केली. मग कागद बाईंपुढे सरकवला. सही नाही तर निकाल रद्द, वर्ग बंद.

"बाई, खरं उत्तर किती होतं हो?" टेगननं हळूच विचारलं.

बाईंनी तिच्याकडे न बघता सही केली.

तुम्हाला बाईंचा राग आला असेल. येऊ दे. पण शिडी घसरणार हे तुम्हालाही पहिल्या ओळीपासून माहीत होतं. धरलीत?