माझा कोड सासूबाईंशी बोलला

माझ्या हातचा कोड म्हणजे विचारूच नका! फॉर्ममधली माहिती तपासणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला आणि ज्याला हवा त्याने तो उचलून आपल्या कामात जोडला. कुठे कुठे जोडला, मलाही पत्ता नव्हता. फुशारकी मात्र गावभर! ऑफिसात मला 'पंडित' म्हणायचे आणि मला ते खरंच वाटायचं.

माहिती चुकली की माझा कोड थेट पडद्यावर झळकवायचा : 'अक्कल गहाण ठेवलीस का? नीट भर! — पंडित.' सहकाऱ्यांची गंमत म्हणून लिहिलेलं, तसंच राहिलं.

परवा सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. अकराची वेळ. हुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि त्यांना तर जिन्याची पायरीही धड दिसेना. दाराशी नोंदणीचं नवं यंत्र. पेशंटना दिसत नाही, म्हणून ते पडद्यावरचं मोठ्यानं वाचूनही दाखवायचं. सासूबाई सांगत गेल्या, मी भरत गेलो. बटण दाबलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का? नीट भर! पंडित!" यंत्र गरजलं.

अख्खा हॉल वळला.

"जावईबापू, हे मला म्हणालं?"

"नाही हो आई, यंत्र बिघडलंय!"

"आणि हा पंडित कोण मेला?"

"असेल कोणीतरी!"

वय तपासलं, पत्ता तपासला, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच! चुकलंय काय, ते माझाच कोड मला सांगेना! चौथ्यांदा अक्कल निघाली तेव्हा सासूबाईंचे कान लाल झाले होते, आणि घड्याळात अकराला पाच कमी.

शेवटी तंत्रज्ञ आला. "हा कोड आमचा नाही, बाहेरून आणलेला. थांबा, फाइलमध्ये लिहिणाऱ्याचा नंबर आहे." त्याने फोन लावला.

माझा खिसा वाजला!

धरणी दुभंगेल तर बरं, असं वाटलं. ती दुभंगली नाही. मी हात वर केला. "मीच तो."

"फोन नंबरमध्ये मोकळी जागा सोडलीय," पडद्यात डोकावत तो म्हणाला. "एवढंच! अहो, कुठली चौकट, काय चुकलं, हे तुमच्या कोडनं आमच्या प्रोग्रॅमला कळवायचं. पेशंटशी काय बोलायचं ते आम्ही बघू. तुमचा कोड परस्पर तोंड उघडतोच कशाला?"

मोकळी जागा काढली, नोंद झाली, अकराची वेळ गाठली. सासूबाई माझा हात न धरताच, भिंत चाचपत आत निघाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, कधीपासून नीट दिसत नाही?"

"हा जावई पसंत केला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तेव्हापासूनच म्हणा!"