घड्याळजींचे हात आणि हिरवी पूड

"माझ्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार अजून जन्माला यायचाय," असं गुप्तहेर भाऊजी आल्यागेल्याला सांगत. कुणी आलंच नाही तर आरशाला सांगत. अकरा वर्षांत त्यांनी दोनच गोष्टी शोधल्या होत्या: स्वतःचा हरवलेला चष्मा आणि बायकोच्या भावाच्या रूपात एक फुकटचा सहायक. त्यातला चष्मासुद्धा त्या मेहुण्यानेच शोधला होता.

आज दोघं घड्याळजींच्या दुकानात आले होते. दारावर 'ओढा' लिहिलेलं असताना भाऊजींनी ते ढकलून ढकलून कपाळ आपटून घेतलं. "छापील मजकूर मी वाचत नसतो. तो तपास भरकटवायलाच छापलेला असतो," ते म्हणाले. मेहुण्याने दार ओढलं.

घड्याळजींनी चिमट्यात एक स्क्रू धरला. हात थरथरला, स्क्रू जमिनीवर गेला.

"महिनाभर हे असंच चाललंय, साहेब," त्यांचे डोळे भरून आले. "छाती धडधडते, झोप नाही, वजन उतरलंय. हात गेले तर मी काय करायचं? मला कुणीतरी विष घालतंय!"

मेहुण्याने वाकून स्क्रू उचलून दिला. भाऊजींना मात्र आनंद झाला.

"डॉक्टरकडे न्यायचं का?" मेहुण्याने विचारलं.

"डॉक्टर आजार शोधतो. आपण माणूस शोधतो! समोरचा दुकानदार. ह्यांचं गिऱ्हाईक त्याला हवंय."

"तो चष्मे विकतो, भाऊजी."

"म्हणूनच त्याच्यावर कुणाला संशय येत नाही!"

मग संशय घड्याळजींच्या सुनेवर गेला, कारण ती चहा आणून देते. भाऊजींनी पुरावा म्हणून तिचे दोन कप चहा रिचवले. त्यानंतर भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक गुन्हेगार ठरली. मेहुण्याने फळीवरची हिरव्या पुडीची बाटली दाखवली.

"ती मीच दिलीय! समुद्री शेवाळ. आयोडीन, लोह, चोथा, सगळं आहे त्यात. रोज दोन चमचे, बुद्धी तल्लख होते. मीही घेतो." भाऊजींच्या हातातली बशी खडखडत होती. "हा मेंदूचा वेग."

घरी ताईने, म्हणजे भाऊजींच्या बायकोने, तशीच एक रिकामी बाटली जिरं भरायला म्हणून भिजत घातली होती. लेबल सोलता सोलता ती थबकली.

"अहो, इथे लिहिलंय, दिवसाला एक चिमूट! आयोडीन फार असतं, जास्त घेतलं तर थायरॉईड बिघडतं. दोन चमचे कुणी सांगितले?"

"वस्तू चांगली आहे गं!"

"मीठही चांगलंच असतं. भाजीत मूठभर घालते का मी?"

तिने तिथल्या तिथे घड्याळजींना फोन करून पूड बंद करवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना आणि भाऊजींना, दोघांनाही दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, थायरॉईड बेफाम निघालं. डॉक्टर म्हणाले, शेवाळ पौष्टिक खरं, पण मापात. आणि काही जातींत आर्सेनिकही सापडतं.

"आर्सेनिक!" भाऊजी उसळले. "म्हणजे विषाचा तर्क बरोबरच होता!"

"हो," ताई म्हणाली. "आणि घालणारेही तुम्हीच."

हात ताळ्यावर यायला अडीच महिने लागले. त्या दिवशी घड्याळजींनी स्क्रू पहिल्याच खेपेत बसवला आणि पोरासारखे हसले. भाऊजी "आणखी एक प्रकरण उलगडलं" म्हणत ऐटीत निघाले आणि दाराशी झटापट करू लागले.

आत यायला ओढायचं असलेलं दार बाहेर जाताना ढकलायचं असतं. भाऊजी आता ते जीव खाऊन ओढत होते.

घड्याळजींनी भिंगातून नजरही वर केली नाही. "ढकला, साहेब. लिहिलंय."