अर्ध्या गावाची धर्मआई

पुलाच्या मधल्या खांबावरच्या भेगेत इंजिनिअर पेर्पेतुआबाईंच्या नखाचं टोक शिरलं. गेल्या महिन्यात ते शिरत नव्हतं.

खांब नापास होता, हे उघड होतं. अडचण खांबाची नव्हती, नात्याची होती!

कुणाचा साधा आंबासुद्धा बाईंनी कधी घरी नेला नव्हता, आणि हे त्या स्वतःच साऱ्या नगरपालिकेला ऐकवत. पण बाप्तिस्म्याला धर्मआई व्हायला नाही म्हटलं तर बाळाचं नशीब फिरतं, आणि तेही वाईटाकडे, असं त्यांच्या आईनं बजावलेलं! त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या कंत्राटदारांची पोरं त्यांना 'निनांग' म्हणत. पूल बांधणारा एउसेबियो त्यातल्याच एकीचा बाप.

"कुमारे, आपण का परके?" तो रोज कचेरीत येऊन म्हणे. लेकीच्या धर्मआईला बापानं हाक मारायची ती 'कुमारे' अशीच.

"बघते," बाई म्हणत. आणि बघतच राहत.

उद्घाटनाच्या सकाळी त्यानं भाजलेलं अख्खं डुक्कर कचेरीत धाडलं.

"आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!" बाई कडाडल्या.

शिपाई तिबुर्सियोनं ते बाहेर काढलं आणि समोरच्या दालनात महापौरबाईंच्या टेबलावर ठेवलं. अन्न वाया कसं घालवायचं?

महापौरबाई धावतच आल्या. "पेर्पेतुआ! शेवटी माणसात आलीस गं! बोल, काय हवं? बढती? भाच्याला नोकरी?"

"ते डुक्कर माझं नाही!"

"बाई गं, काय हा विनय!" म्हणत त्यांनी डुक्कर थेट पुलावर नेलं आणि माइकवरून जाहीर केलं, "आजचं जेवण आपल्या इंजिनिअरबाईंकडून!"

टाळ्यांचा कडकडाट! लाच खाणारे गावानं पुष्कळ पाहिले होते. गावाला पोटभर चारणारी ही पहिलीच! बाईंची आयुष्यभराची अब्रू केळीच्या पानांवर वाढली जात होती, वर कुरकुरीत कातडीसकट.

"आता पास म्हणून टाका, कुमारे," एउसेबियो बोटं चाटत म्हणाला. "लेकीसाठी तरी!"

लेक पाठीला दप्तर अडकवूनच आली होती. तिनं आशीर्वादासाठी बाईंचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. "निनांग, उद्यापासून मी ह्याच पुलावरून शाळेत जाणार!"

बाईंनी माइक ओढून घेतला.

"एउसेबियो, ही माझी लेक. हो ना?"

"म्हणजे काय, कुमारे! तुमचीच!"

"मग माझी लेक ह्या पुलावर पाय ठेवणार नाही. पूल नापास. पाडा!"