दहा मिनिटांचं स्टूल

भोयरभाऊंच्या दुकानात दुर्बीण घ्यायला गेलात, तर ते आधी तुम्हाला स्टुलावर बसवतात. हात मांडीवर, मोबाईल त्यांच्या ताब्यात, आणि दहा मिनिटं हलायचं नाही.

इथे आखातात, अल कुसैसमध्ये आमचे फ्लॅट शेजारीशेजारी आहेत. भाऊ मूळचे चंद्रपूरकडचे, वीस वर्षं शिकारीच्या सामानाच्या दुकानात सेल्समन. आफ्रिकेत शिकारीला जाणारी बडी मंडळी त्यांच्याकडे बूट, जॅकेटं, दुर्बिणी घ्यायला येतात. स्वतः भाऊंनी आयुष्यात झुरळही मारलेलं नाही. ते खातं वहिनींकडे.

"सामान मी देतो ना भाऊ," ते म्हणतात, "पण बसणं कुठून देऊ?"

त्यांचे वडील वनरक्षक. उन्हाळ्यात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून जनावरं मोजायचे, भाऊ लहान असताना त्यांनाही सोबत न्यायचे. "बापाजवळ काय होतं? एक काठी. वाघ पाच हातांवरून गेला, पण माणूस हलला नाही." पूर्वी हा वाघ वीस हातांवरून जायचा, पण मी तसं बोलून दाखवत नाही.

एकदा एक गिऱ्हाईक सहा हजार दिरहमची, म्हणजे जवळजवळ दीड लाखाची दुर्बीण मागत आलं. चौथ्या मिनिटाला "खलास, हबीबी" म्हणत उठलं. भाऊंनी त्याच्यापुढे सगळ्यात स्वस्त दुर्बीण ठेवली. "जो बैठ नहीं सकता, उसको यही बहुत है." मालकाने भाऊंना चांगलंच झापलं. पुढच्या हिवाळ्यात तोच माणूस आला आणि मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसला.

मीही बसून पाहिलंय. तिसऱ्या मिनिटाला मला घरचा गॅस आठवला.

मग सोशल मीडियावर एक फोटो आला. एका गिऱ्हाईकाने मारलेल्या हत्तीशेजारी उभं राहून काढलेला, खाली भाऊंचे आभार. कॉलेजात जाणाऱ्या भाऊंच्या मुलीने, ईशाने, तो पाहिला. "यू हेल्प देम किल, बाबा," एवढंच म्हणून ती खोलीत गेली. त्यानंतर चार महिने तिने बापाशी बोलणं टाकलं. जेवायला बोलवायचं तरी निरोप वहिनींमार्फत. भाऊ पार उतरून गेले.

"अहो, जाऊन समजवा तिला," मी म्हटलं.

"काय समजवू? खरं बोलली पोरगी." मग म्हणाले, "आन् मागं लागलं का जनावर आणखी दूर जाते. आपण बसून राहावं."

मला रागच आला. पोटची मुलगी म्हणजे काय चितळ आहे?

पण भाऊ बसले. रोज कामावरून आले की बाल्कनीत, शेजारी एक रिकामी खुर्ची मांडून. मोबाईल नाही, पेपर नाही.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी आमच्या बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होतो. पलीकडे ईशा कॉफीचा कप घेऊन बाहेर आली. जरा उभी राहिली, आणि त्या खुर्चीत बसली. भाऊंनी मान वळवली नाही. खाली सिग्नलवर गाड्या थांबल्या, सुटल्या, परत थांबल्या. माझ्या हातात तांब्या तसाच होता, आणि मलाही हलायची हिंमत होईना. भाऊंच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, पण ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

शेवटी ईशानेच कप खाली ठेवला आणि आपल्या बाहीने त्यांचा गाल पुसला.

"बाबा," ती म्हणाली, "यू कॅन मूव्ह नाऊ."